मावशीच्या पंगतीतले बेदाणे

आधी कबुली देऊन टाकतो. हवालदाराला बेदाणे मी खाऊ घातले. हवालदार म्हणजे आमच्या गल्लीतला खाकी रंगाचा कुत्रा, आणि ज्यांच्या पंगतीत तो रोज बसतो त्या वच्छलामावशी म्हणजे माझ्या सिडकोतल्या शेजारीण.

मावशी मूळच्या कन्नड तालुक्यातल्या. मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून त्यांनी उभा जन्म काढला. निवृत्त झाल्यावर मुली सुटल्या, शिस्त काही सुटली नाही. संध्याकाळी त्या ओट्यावर येऊन स्टीलचं ताट वाजवतात आणि गल्लीतली चारही कुत्री भिंतीला पाठ लावून बसतात. कुणी पुढं सरकलं की दम मिळतो, "वाढप होईस्तोवर हलायचं नाय!" मग गाजराचे नखाएवढे तुकडे, काकडी, वाफवलेला लाल भोपळा. मीठ नाही, तेल नाही, फोडणी नाही. भाकरी सकाळी झालेली असते. हा वरचा खाऊ.

"पोटापुरतं नाय, जिभंपुरतं," हा मावशींचा कायदा.

कलिंगड आणलं की चष्मा लावून त्या एकेक बी काढतात. सफरचंदाचा मधला भाग कापून फेकतात. कांदा-लसूण तर बंदच. "चातुर्मास धरलाय का कुत्र्यांनी?" मी एकदा विचारलं.

"बारमास धरलाय. कांद्यानं कुत्र्याचं रक्त नासतं. अन् द्राक्षं, बेदाणे दिले तर मूत्रपिंडच जातं. ध्यानात ठेव, रमेश."

मी ध्यानात ठेवलं होतं. म्हणून तर ही कबुली.

मावशींबरोबर बाजारात जाणं म्हणजे परीक्षेला बसणं. काकडी दाबून, हुंगून, टोक मोडून चाखणार. भाजीवाली वैतागून म्हणायची, "मावशे, काकडी घ्यायलीस का पोरीला नवरा बघायलीस?" फळवाल्या चाचांनी एकदा न राहवून विचारलं, "मौसी, कुत्तों को तो खिलाना है, इत्ता क्या देख रहे?"

"कुत्तों को खिलाना है, इसलिए देख रही. तुमको खिलाना होता तो ऐसाच उठा लेती."

चाचांनी हसत एक पेरू फुकट दिला. मावशींनी तोही हुंगून परत केला.

दिवाळीनंतर आमच्या घरी सत्यनारायण होता. मावशी दिवसभर करमाडला लग्नाला गेल्या होत्या. दुपारी हवालदार आमच्या दारात येऊन उभा राहिला. दारात आलेल्याला प्रसादाला नाही म्हणू नये, ही आईची शिकवण. मी द्रोणभर शिरा त्याच्यापुढं ठेवला. शिऱ्यात बेदाणे सढळ हातानं पडले होते. मावशींचं बोलणं आठवलं, नाही असं नाही. पण देवाचं नाव घेऊन दिलेलं कसं बाधेल, अशी मी माझीच समजूत घातली. हवालदारानं द्रोणसुद्धा चाटून पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओकायला लागला. मावशींनी त्याला उचलून रिक्षा थांबवली. रिक्षावाला म्हणाला, "कुत्रा नाय बसायचा गाडीत."

"बसतो की. तुझ्याहून नीट बसतो."

मी सोबत गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं यानं? कांदा, द्राक्षं, बेदाणे?"

"माझ्या हातून? काल लग्नाहून आल्यावर सीताफळाचा गर दिला. बिया काढून." मग त्या थबकल्या. आवाज एकदम बारीक झाला. "एखादी राहिली आसंल का हो? त्याच्या बिया वाईट."

मी शेजारी उभा राहून भिंतीवरचा लसींचा तक्ता वाचत राहिलो. मावशी पाणी आणायला गेल्यावर मी डॉक्टरांना शिऱ्याचं सांगितलं. "त्यांना नका सांगू," असंही म्हणालो. सलाइनवर सलाइन लागलं. हवालदार वाचला.

पण ताट वाजायचं थांबलं. संध्याकाळी कुत्री भिंतीला पाठ लावून बसायची आणि अंधार पडल्यावर उठून जायची. समोरचे पवार सर्वांदेखत म्हणाले, "कुत्र्याला कुठं फळं देतात? मारलं असतं ना!" एरवी मावशींनी त्यांना गल्लीत राहू दिलं नसतं. त्या दिवशी त्या मान खाली घालून आत गेल्या.

ती खाली गेलेली मान मला झोपू देईना. एका दुपारी मी त्यांच्याकडं गेलो. त्या ताट पुढं घेऊन जेवत होत्या. उंबऱ्यापलीकडं हवालदार बसलेला, अजून रोडच.

"त्याला देत नाय मी काही," त्या घाईनं म्हणाल्या. "नजर गेली माझी, रमेश. एवढीशी बी दिसंना, तर कशाला कुणाच्या तोंडाशी हात न्यावा? ह्याला किती हाकललं, जात नाय. माझं जेवण होईस्तोवर तिथंच बसतो, मग जातो." थोडा वेळ त्या भात चिवडत राहिल्या. "हॉस्टेलात एवढ्या पोरी जेवून गेल्या माझ्यापुढं. मावशी, तुम्ही जेवलात का, असं एकीनंबी विचारलं नाय. आन् ह्याच्याच जिवावर उठले मी."

मी चप्पल काढून खाली त्यांच्यासमोर बसलो.

"मावशी, बी राहिली नव्हती. माझ्या घरच्या प्रसादात बेदाणे होते, ते मी त्याला दिले. तुम्ही सांगितलेलं माहीत असून दिले. डॉक्टरांना सांगितलं, तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. इतके दिवस माझी चूक तुम्हाला वाहू दिली. मला माफ करा. आता पवारांकडं चला, त्यांच्यासमोरही मी हेच सांगतो."