काटेरी सुंदरी आणि तीन अंडी

बाळांनो, मोबाईल खाली ठेवा आणि ऐका. एका जंगलात झाडं कमी आणि चाहते जास्त झाले होते, तेव्हाची ही गोष्ट.

तिथे दयाळराव नावाचे एक पक्षी गात असत. असे गात, की वाघ शिकार अर्धी टाकून ऐकत बसे. त्यांच्या चाहत्यांचं मंडळ दर रविवारी जांभळीखाली जमायचं आणि प्रत्येकजण आपलं वेड कबूल करायचा.

“त्यांचं गळलेलं पीस मी उशीखाली ठेवते,” खार म्हणायची. टाळ्या पडायच्या.

“मी अकराही पोरांची नावं दयाळ ठेवलीत,” ससा म्हणायचा. आणखी टाळ्या.

एका रविवारी साळूबाई साळिंदर उठली. काट्यांमुळे तिच्याजवळ कधी कुणी बसत नसे. “मी त्यांच्यावर गोष्ट लिहिलीय,” ती लाजत म्हणाली.

स्वतःच्याच पाठीचा काटा उपटून तिने पळसाच्या पानांवर लिहिलं होतं. गोष्टीत दयाळराव बायकोला कंटाळले होते आणि एका काटेरी सुंदरीसाठी झुरत होते. झाड खरं, फांदी खरी, बायकोचं नावही खरं. शेवटी मात्र ‘सर्व पात्रे काल्पनिक’ असं लिहिलेलं. साळूबाई नियमाला पक्की होती.

गोष्टीने जंगल वेडं केलं. रोज नवा भाग निघू लागला. तो ऐकायला माकडंसुद्धा साळूबाईला खेटून बसू लागली. टोचलं तरी हलेनात. साळूबाईला आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटत होतं.

एका सकाळी दयाळराव स्वतः तिच्या दारात आले. पिसं विस्कटलेली, आवाज बसलेला.

“साळूबाई, बायको माहेरी निघून गेली हो. शेजारणी तिला रोज विचारायच्या, कोण गं ती काटेरी? घरट्यात तीन अंडी आहेत. मी ऊब द्यायला बसतो, तर खालून तुमचं मंडळ ‘वन्स मोअर’ ओरडतं. मी उठून गायल्याशिवाय मंडळी जातच नाहीत. अंडी गार पडतायत. गोष्ट खोटी आहे, एवढं सांगा ना सगळ्यांना.”

“पण मी शेवटी तसं लिहिते की!”

“शेवटपर्यंत वाचतं कोण?”

हे साळूबाईला फार लागलं. तरीही दयाळरावांसाठी तिचे डोळे खरोखर भरून आले. पण खोटं आहे म्हटलं, तर उद्या आपल्याजवळ कोण बसणार? तिने पाठीचा एक काटा उपटला. दयाळराव मोठ्या आशेने घरी गेले.

दुपारी नवा भाग निघाला. ‘दयाळराव रडत रडत काटेरी सुंदरीच्या दारी आले.’

अंडी गेली. दयाळरावांचं गाणंही गेलं. अंड्यांवर साळूबाईने इतका करुण भाग लिहिला, की अख्खं जंगल हुंदके देत होतं. मंडळाने तिचा सत्कार ठेवला. दयाळरावांनाही निमंत्रण होतं. ते आले नाहीत.

“चाहत्यांची कदरच नाही मेल्याला,” म्हणत खारीने उशीखालचं पीस फेकून दिलं.

तात्पर्य: ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याचं घरटं खुशाल मोडावं. फक्त शेवटी ‘सर्व पात्रे काल्पनिक’ लिहायला विसरू नये, म्हणजे मेलेली पिल्लंही काल्पनिक ठरतात.