बैठ्या सहलीचा शिष्टाचार

"ज्याला सतरंजीवर मांडी घालून जेवता येतं, तो माणूस जगाच्या पाठीवर कुठेही एकटा राहू शकतो!" असं जाहीर करून तात्या खाली बसले.

वाक्य जोरदार होतं. बसणंही जोरदार झालं. शेजारच्या थर्मासचं झाकण उडालं. चिरंजीवांनी खास त्यांच्यासाठी गाडीतून आणलेली घडीची खुर्ची झाडाला टेकून तशीच राहिली, नकार मिळालेल्या नवरदेवासारखी.

या वाक्याला मागचा-पुढचा संदर्भ होता. तात्यांची बायको गेल्याला आता वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून तात्या घरात एकटे राहत, आणि तेव्हापासून चिरंजीव दर रविवारी फोनवर एकच धडा वाचत, "बाबा, आता आमच्याकडे या." तात्या दर रविवारी त्याच चालीवर "बघू" म्हणत. मग गेल्या महिन्यात ते न्हाणीघरात घसरले, कोपर टम्म सुजलं, आणि 'बघू' हे उत्तर बाद झालं.

शेवटी तह ठरला. दरवर्षी घरातले सगळे तळ्याकाठी सहलीला जातच. या सहलीत तात्या पूर्वीसारखे हिंडले-फिरले, खेळांचे पंच झाले, तर चिरंजीव पुन्हा विषय काढणार नाहीत. नाहीतर घराला कुलूप आणि तात्या गाडीत.

तात्यांनी तह ताबडतोब मान्य केला. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. तहात काय मागायचं आणि काय लपवायचं, हे त्यांना पाठ होतं.

"मामा, खरंच खुर्ची नको?" भाच्याने विचारलं. हा भाचा दातांचा डॉक्टर होता आणि दात सोडून सगळ्या अवयवांवर फुकट सल्ला देत असे.

"खुर्चीवर बसून जेवायचं तर घर काय वाईट होतं?" तात्या म्हणाले. "आक्का, तू घे ती."

आक्का म्हणजे तात्यांची थोरली बहीण, या भाच्याची आई. ती ताडकन म्हणाली, "वा रे वा! तू खाली आणि मी खुर्चीवर? लोक म्हणतील, आक्का म्हातारी झाली!" आणि तीही धपकन खाली बसली.

जेवण झकास झालं. काकडीचे सँडविच, उकडलेली कणसं, उकडलेली अंडी आणि सूनबाईंनी जिवापाड जपून आणलेला केक. तो शेवटी कापायचा होता. नात मैदानात पळत पळत अंडं खायला लागली तेव्हा तात्यांनी तिला हाक मारून शिष्टाचार शिकवला. "उभ्याने खातो तो सहलीला आलेला नसतो बाळा, तो बस चुकलेला असतो." सगळे हसले. चिरंजीवही हसले. तात्यांनी मनातल्या मनात घराची किल्ली पुन्हा खिशात टाकली.

आणि मग ते उठायला गेले.

म्हणजे उठायचं ठरवलं. गुडघ्यांनी अर्ज स्वीकारला, पोच दिली आणि फाइल बंद केली. तात्यांनी उजवा हात टेकला. काही नाही. डावा टेकला. पोटातलं अंडं तेवढं हललं. तिसऱ्या खेपेला ते पुढे इतके झुकले की सूनबाईंनी विचारलं, "बाबा, काय हवंय?"

"मीठ," तात्या म्हणाले.

मीठ आलं. अंडी संपली होती. तात्यांनी ते तळहातावर घेऊन शांतपणे चाटलं.

असं कसं झालं? मागच्या सहलीपर्यंत तर ते उठत होते! तात्या आठवू लागले आणि आठवलं ते बरं नव्हतं. दर वेळी जेवण झालं की बायको हात पुढे करायची. त्यांच्याकडे बघायचीसुद्धा नाही. तोंडाने आक्काशी लोणी महाग झाल्याचं बोलत असायची, आणि हात मात्र नेमका तात्यांच्या समोर. तात्या तो धरायचे आणि उठायचे. हात धरला तो नवराबायकोच्या सवयीने, असा त्यांचा समज. उठलो ते स्वतःच्या पायांवर, असाही समज. गुडघे किती वर्षांपूर्वी गेले होते देव जाणे! बातमी आत्ता पोचत होती.

"बाबा, चला!" मैदानातून चिरंजीवांची हाक आली. "लिंबू-चमचा! पंच कुठाय?"

चिरंजीव कमरेवर हात ठेवून बघत होते. नुसते बघत नव्हते, तपासत होते.

"पंच इथंच आहे," तात्या म्हणाले. "पंचाने उठायचं नसतं."

"म्हणजे?"

आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. फिरता येत असतं तर प्रश्नच नव्हता. तात्यांनी घसा साफ केला. "जुन्या काळी राजेलोक मोहिमेवरून परतताना तळ्याकाठी जेवायला उतरत. जेवणानंतर सैनिकांचे खेळ होत. पंच उभा राहिला तर राजापेक्षा उंच दिसायचा. म्हणून पंच बसूनच, अशी पद्धत पडली. पुढे तोच सहलीचा शिष्टाचार झाला."

"कुठल्या शतकात, मामा?" भाच्याने विचारलं.

"सतराव्या," तात्यांनी ठोकून दिलं. पोरांनी पेपरात मनाची सनावळी लिहिली की समासात लाल शाईने 'आधार काय?' असं लिहिणारा हा माणूस! आज आधार सापडत असता तर टेकायला तरी उपयोगी पडला असता.

आता आक्का काय म्हणते याची त्यांना धास्ती. आक्काने त्यांना पहिला दात आल्यापासून एकाही गोष्टीत दुजोरा दिला नव्हता. पण आक्का म्हणाली, "बरोबर आहे. आपले आजोबाही असंच सांगायचे. घरातल्या थोरांनी सहलीला उठूच नये."



"इंटरेस्टिंग!" भाचा म्हणाला. "आणि शास्त्रीयही आहे! माणसाच्या कण्याला बैठक फार चांगली. मग आपण सगळेच बसून खेळू या की!"

"नको नको, तरुणांनी उठावं," तात्या घाईने म्हणाले, पण भाच्याला एकदा शास्त्र दिसलं की तो कुणाचं ऐकत नसे. बघता बघता अख्खं घर गवतावर बसलं आणि तोंडात चमचे, चमच्यांत लिंबं घेऊन बुडावर सरकू लागलं. चिरंजीवांची पँट मागून हिरवीगार झाली. सूनबाई दोनदा कलंडल्या. पलीकडच्या झाडाखाली दुसरी सहल होती. तिथला एक गृहस्थ येऊन हळूच विचारून गेला, "पाठीचं काही आहे का हो? आमच्या हिलाही त्रास आहे." थोड्या वेळाने त्याची ही आणि दोन मेहुणेही सरकताना दिसू लागले.

तात्यांनी निकाल दिले. बसल्या बसल्या बाद केलं, बसल्या बसल्या भांडणं सोडवली. आवाज खणखणीत होता. कमरेखाली मात्र मुंग्या. नुसत्या आलेल्या नव्हे. त्यांतल्या काही खऱ्या होत्या, केकच्या वासाने आलेल्या. त्या तात्यांच्या पायावरून रांगेने जात होत्या, आणि तात्यांना त्यांचा हेवा वाटत होता. किती सहज चालत होत्या!

मग रस्सीखेच निघाली आणि तात्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोर! दोराचं टोक धरायचं, समोरच्यांनी ओढायचं, की आपण आपोआप उभे! विज्ञानाला इतिहासाची साथ!

"शेवटचा गडी मी!" ते ओरडले. "दोर इकडे द्या!"

"बसून, बाबा?" चिरंजीवांनी विचारलं.

"शेवटचा गडी बसलेलाच असतो," आक्का मध्येच म्हणाली. "नांगर कधी उभा असतो का?"

तात्यांनी दोर कमरेला गुंडाळून, गाठ मारून दोन्ही हातांनी पकडला. समोरच्या बाजूला भाचा आणि चिरंजीव. शिट्टी झाली. तात्यांनी डोळे मिटले आणि वर जाण्याची वाट बघू लागले.

पण तात्या वर गेले नाहीत, पुढे गेले. सतरंजीही गेली. सतरंजीवरची ताटं, थर्मास, कणसांची बुरकुंडं आणि पलीकडच्या टोकाला बसलेली आक्का, सगळी वरात निघाली! "अरे मेल्यांनो, थांबा!" आक्का ओरडत होती. केकचा डबा वाटेत होता. तात्या त्यावरून गेले, आणि केकच्या पलीकडे, तळ्यापासून चार हातांवर, सगळं थांबलं.

मैदानात टाळ्यांचा कडकडाट!

"मामाने शेवटपर्यंत दोर सोडला नाही!" भाचा नाचू लागला. "काय ही पकड! या वयात!"

दोर सुटला नव्हता कारण गाठ आवळली होती. तात्यांनी हात उंचावून अभिवादन केलं. विजारीला केक, डोळ्यांत पाणी. गवताची कुसळं गेली असतील.

उन्हं कलली. सूनबाई उरलंसुरलं गोळा करू लागल्या. केकचं झाकण उघडून त्यांनी आत एकदाच पाहिलं आणि बंद केलं. मग त्या म्हणाल्या, "बाबा, आक्का, जरा उठा हं. सतरंजी झटकायचीय."

सतराव्या शतकात सतरंजी झटकण्याबद्दल काहीच सोय नव्हती.

"इतरांची आवराआवर होऊ दे," तात्या म्हणाले. "आम्ही जरा तळं बघतो."

सूनबाई गाडीकडे गेल्या. तात्या दबक्या आवाजात म्हणाले, "आक्का, तू उठ. माझ्यासाठी थांबू नकोस."

"तू उठ आधी."

"मी बसतो जरा. तू जा."

"मला नको सांगूस. तू जा."

"आक्का, लहानपणापासून तू माझं एक वाक्य धड मान्य केलं नाहीस. आज दुपारपासून होला हो करते आहेस. काय झालंय काय तुला?"

आक्का तळ्याकडे बघत म्हणाली, "मला उठता येत नाहीये रे."

तात्या कमरेपासून वर तेवढे तिच्याकडे वळले.

"जेवल्यापासून," आक्का म्हणाली. "म्हटलं, तू आहेस, तू उठलास की तुझा हात धरून उठेन. तू उठेचनास! राजे काय, पंच काय! म्हटलं, चालू दे, तेवढीच माझी झाकली मूठ. घरी कळलं तर पुढच्या सहलीला मला बाल्कनीत बसवून जातील. 'आईला प्रवास सोसत नाही' म्हणतील. प्रेमानेच म्हणतील मेले."

"मी तुझ्या भरवशावर होतो," तात्या म्हणाले.

"आणि मी तुझ्या."

दोघं हसली. हसू थांबेना, आणि त्याचं मध्येच कुठेतरी दुसरंच काही व्हायला लागलं तेव्हा आक्काने पदराने नाक पुसलं.

इतक्यात नात हरवलेलं लिंबू शोधत आली. "आजोबा, तुम्ही दोघं कुठला खेळ खेळताय?"

"बसण्याचा," आक्का म्हणाली.

"मग उठण्याचा पण असतो ना! आमच्या शाळेत घेतात. पाठीला पाठ लावायची, कोपरात कोपर अडकवायचं आणि एकमेकांना रेटत वर यायचं. ज्याला मध्ये हसू येईल तो हरला."

तात्या आणि आक्काने एकमेकांकडे पाहिलं. अंग चोरत, सरकत, दोघांनी पाठीला पाठ लावली. सुजलेलं कोपर कळवळलं. नात "एक, दोन, तीन!" म्हणाली.

"रेट, आक्का!"

"तू रेट! मी काय भिंत आहे?"

"आधी तू, तू मोठी!"

"जन्मभर मीच मोठी!"

कुठल्या तरी हाडाने कुठल्या तरी हाडाला काहीतरी सांगितलं. दोघं हातभर वर आली, थरथरली, पुन्हा खाली जाता जाता वाचली, आणि उभी राहिली! गाडीपाशी टाळ्या पडल्या. भाच्याने शिट्टी मारली. नात म्हणाली, "कुणीच हसलं नाही, म्हणजे बरोबरी."

पाठी सुटल्या नाहीत. दोघं तशीच उभी राहिली. सोडलं तर कोण कुठे जाईल याचा भरवसा नव्हता. पाठीमागून आक्काचा आवाज आला, "घरी काय करतोस रे?"

"घरी मी खाली बसतच नाही."

"आणि पडलास तर?"

तात्यांच्या घरात दोन खोल्या होत्या, कपाट होतं, बायकोचा फोटो होता. पाठ लावण्याजोगं त्यातलं काहीच नव्हतं.

ते सावकाश गाडीपाशी गेले. तह त्यांनी जिंकला होता. चिरंजीवांचा चेहराच सांगत होता. "मानलं बाबा तुम्हाला," चिरंजीव म्हणाले. "आता मी विषय काढणार नाही."

"नको काढूस," तात्या म्हणाले. "मीच काढतो. तुमच्याकडची ती मागची खोली. रिकामीच आहे ना अजून?"

चिरंजीवांनी सूनबाईंकडे पाहिलं. सूनबाईंनी केकच्या डब्याकडे पाहिलं.

"रिकामी म्हणजे... तशी रिकामीच," चिरंजीव म्हणाले. "फक्त व्यायामाची सायकल आहे तिथं. आणि हिचं शिवणयंत्र. जुनं कपाट पण तिथंच ठेवलं परवा. म्हणजे तुम्ही काही हो म्हणणार नाही, असंच आम्ही धरून..."

"करू की रिकामी!" सूनबाई म्हणाल्या. म्हणाल्या अगदी मनापासून. फक्त घासभर उशीर झाला.

तात्यांनी शाळेत जन्म काढला होता. आठवून दिलेलं उत्तर आणि आलेलं उत्तर यांतला फरक त्यांना शेवटच्या बाकावरूनही कळत असे.

"छे, छे! सहज विचारलं," ते म्हणाले. "माझं मस्त चाललंय. मला काय धाड भरलीय?"

सामान भरायला वेळ लागला. सतरंजी झटकली, कणसांची बुरकुंडं वेचली, लिंबू सापडलं. "बाबा, टेका जरा," चिरंजीव म्हणाले. "मामा, बसा," भाचा म्हणाला. पलीकडच्या सहलीतल्या गृहस्थानेही आपलं स्टूल पुढे केलं. तात्या सगळ्यांना हसून "नको" म्हणाले आणि गाडीच्या दाराला धरून ताठ उभे राहिले.

भाच्याने चिरंजीवांच्या पाठीवर थाप मारली. "बघितलंस? दिवसभर खेळून वर हा माणूस बसायला तयार नाही! आणि तू म्हणतोस, त्यांना एकटं ठेवू नये!"

"तेच की," चिरंजीव म्हणाले, आणि त्यांना फार मोकळं वाटलं.