जनूकाकांची बिअर आणि माझी जीभ

जनूकाका पाटलांनी उभ्या जन्मात बिअरचा थेंब जिभेला लावलेला नाही. तरीही बिअरबरोबर काय खावं यावर ते बोलायला लागले की त्यांच्यापुढे तोंड उघडायची अख्ख्या करावे गावात कुणाची टाप नाही. प्यायचं काम माझं. मी त्यांचा भाडेकरू, वरच्या मजल्यावरचा.

त्यांचा मुलगा प्रशांत पुण्यात बिअर बनवतो. साधीसुधी नव्हे हो! लाकडी पिंपात वर्षभर मुरवलेली, काळी, काढ्यासारखी दाट, आणि कडक इतकी की अर्ध्या ग्लासात माझ्यासारखा साताऱ्याचा माणूस आगरी बोलायला लागतो. काकांचा बाप दारूपायी गेलेला. त्यामुळे पोराने हा धंदा काढला तेव्हा घरात रण माजलं. "माज्या घरान पाय ठेवू नको!" काका ओरडले आणि प्रशांत भरल्या ताटावरून उठून गेला. त्याला तीन वर्षं झाली. काकू तेवढ्या पुण्याला जायच्या, येताना दोन बाटल्या आणायच्या. यंदा त्यांनीच निक्षून सांगितलं, "होळीला पोरगा येतोय. जेवाला."

झालं! पोराच्या बिअरला शोभेल असं काहीतरी ताटात पाहिजे, एवढा एकच ध्यास काकांनी घेतला. रविवारी सकाळी अकराला जिन्यातून हाक: "ए बँकवाल्या, जीभ धुवून खाली ये!"

पहिल्या रविवारी कोळंबीचं आंबट कालवण. त्यावर घोट घेतला आणि माझे डोळे पांढरे झाले.

"कसा लागतंय?"

"बरं आहे."

"बरा म्हंजे? तू काय पोरगी बघाला आलास?"

मग भाजलेला सुका बोंबील आला. काका वहीत मार्क मांडायचे, तिथे तो काठावर पास झाला. मग कर्ली. तिचा काटा माझ्या घशात आणि बिअर नाकात. काका पाठीत धपाटे घालत विचारतायत, "ता ऱ्हाऊ दे, पन चव कशी?" माझी बायको म्हणाली, सकाळी अकराला झिंगून येणारा आणि वर मालकाकडून शाबासकी घेणारा भाडेकरू मी पहिल्यांदाच बघते.

होळीच्या आदल्या दिवशी काका पार हवालदिल. "पोरगा येल, नि मी वाढू काय?" काकूंनी वैतागून नारळ-गुळाच्या करंज्यांची ताटली आमच्यापुढे आदळली. "ह्या गिळा नि माजा सैपाकघर सोडा!"

मी करंजी खाल्ली, वर घोट घेतला. अहाहा! गूळ, खोबरं आणि तो जळक्या लाकडाचा कडवटपणा, जणू सख्खी भावंडं!

"काका, हेच!"

"गोड?" काका मटकन खाली बसले. "अरे, मी सगली खाडी उपसली नि औषध निंगाला डब्यान?"

दुसऱ्या दिवशी प्रशांत आला. काकांनी स्वतः बाटली फोडली. निम्मा फेस फरशीवर. ग्लास आणि करंजी पुढे केली. प्रशांतने चाखलं, पुन्हा चाखलं.

"बाबा, हे कुनी शोधलं?"

"आमीच." काका भिंतीकडे बघत म्हणाले. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "जेवून जाशील ना रे?"

"तुमी बोलवायचीच वाट बघत होतो, बाबा."

"भात आनतो," म्हणून काका आत गेले, ते येईचनात. मी बघायला उठलो, तशी काकूंनी माझी बाही धरली.

"बस रं. रडून घेव दे त्यांना. तीन वर्सांचा साठलेला हाय."