गाडी सुटंल म्हणणारी आत्या

तानूआत्या आमच्या घरी आली की चपला काढायच्या आधी परतीच्या गाडीची वेळ विचारायची. माझ्या वडिलांची ही थोरली बहीण. कडेगावजवळच्या आमच्या वस्तीवरून यष्टीचा फाटा दोन मैल, आणि दुपारची गाडी नेहमी चारला. पण आत्या सकाळी अकरालाच पिशवी काखेत मारून उभी.

"सुटंल गाडी!"

"आत्या, अजून पाच तास आहेत. बस की जरा."

"बसून काय अंडी घालायची हायती व्हय?"

माझ्या लग्नात अक्षता डोक्यावर पडल्या न पडल्या तोच ती मांडवातून निघाली. जेवलीसुद्धा नाही. चौथ्या दिवशी पुन्हा दारात हजर. म्हणाली, "नवरीचं त्वांड नीट बघायचंच ऱ्हायलं." मग माझ्या बायकोला उजेडात बसवून तिच्याकडे इतकं टक लावून पाहिलं, की ती बिचारी रडकुंडीला आली. बघून झाल्यावर आत्या उठली. "बरी हाय. हनवटी झ्याक हाय." आणि गेली.

आत्याचा नवरा फौजेत होता, तो तरणाच वारला. खंडाळ्याकडे तिचं सासर, पण तिथं दिरांच्या पोराबाळांनी घर भरलेलं. म्हणून आठ दिवस तिथं, चार दिवस आमच्यात, मधले दिवस आणखी कुठंतरी. कुठं, ते आम्ही कधी विचारलं नाही. वडील गेल्यावर तर नाहीच.

तिच्या हातांनाही चैन नसे. एकदा आई रानातून परतली, तर आत्यानं सगळी उतरंड उतरवून मडकी धुऊन वाळत घातलेली. बियाण्याची तूर डाळीत मिसळली होती, आणि मीठ तर दोन दिवस सापडलं नाही. आई तडकली.

"वन्सं, ह्ये घर माजं हाय. तुमी तुमच्या घरला जावा."

आत्या हसली. "जाती की, सरू," म्हणाली. त्या दिवशी मात्र तिनं गाडीची वेळ विचारली नाही.

त्यानंतर ती आलीच नाही. दोन वर्षं झाली. मधे मला मुलगी झाली, बारसं झालं. मग एक दिवस आटपाडीहून एक मेंढका सांगत आला, "तानूबाई गेल्या. ताप आला हुता."

आई आणि मी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. बाळाबाई नावाच्या एका धनगर बाईच्या घरी ती राहत होती. मोठ्या दुष्काळात दोघी बंधाऱ्याच्या कामावर शेजारी बसून खडी फोडायच्या, तेव्हापासूनची ओळख. बाळाबाईनं आम्हाला पाणी दिलं आणि आढ्याला बांधलेलं एक गाठोडं सोडलं.

"ह्ये तुमचं. न्या."

आत कागद होते. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या फाडून, झटकून, चौकोनी कापलेले. त्यांच्यावर कोळशानं, गेरूनं, निळीनं काढलेली माणसं. आत्याला सही येत नव्हती, अंगठा उठवायची. मी आधी बाळाबाईकडेच बघितलं.

"कुणी काढली ही?"

"तिनंच की! बघून यायची आन् इसरायच्या आत काढायची. म्हनून तर पळत यायची."

खंडाळ्याचा थोरला दीर पान लावताना. माझे वडील बैलाच्या पाठीवर हात ठेवून. माझी बायको, रडवेली, हनवटी वर केलेली. आणि आई. चुलीपुढं आई, केस विंचरताना आई, कोंबडीमागं पळताना पदर सुटून खदखदा हसणारी आई. सगळ्यांत जास्त कागद आईचेच होते.

"मी अशी कवा हसले?" आईनं विचारलं.

अगदी खालच्या कागदावर आईच्या मांडीत एक तान्ही पोर होती.

"ही तुमची नात न्हवं का?" बाळाबाई म्हणाली. "बाजारात तिला कुनीतरी सांगितलं, भाच्याला लेक झाली म्हनून. त्या दिशी जागची हालली न्हाई बघा. ह्येच काढत बसली. चार कागद फाडलं, तवा ह्यो जमला."

चित्रातल्या पोरीचं तोंड लांबट होतं, नाक आत्यासारखं धारदार. आमची सुमन गोल तोंडाची, नाकानं बसकी. आईनं कागद उजेडाला धरला.

"नाक चुकलं," ती म्हणाली. मग कागद गाठोड्यात ठेवत, "न बघता काढल्यावर चुकनारच."

परतीच्या गाडीत तिनं गाठोडं वर ठेवू दिलं नाही, मांडीवरच धरून बसली. विटा गाव मागं पडल्यावर खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "बारशाला त्यास्नी बोलवू नगं, असं मीच म्हनले हुते."

"व्हय," मी म्हणालो.

पण आत्या कुठं राहते, हे बाजारात चार माणसांना विचारलं असतं तरी कळलं असतं. मी एकालाही विचारलं नव्हतं.