सूर्योदयाचा पुरावा

भोगी, जानेवारी १९९६. मी माझ्या एसटीडी बूथची काच पुसत होते. तेवढ्यात आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावरचे नळदुर्गकरकाका आले. पायाला प्लास्टर, काखेत कुबडी आणि गळ्यात कॅमेरा.

या काकांच्या सूर्योदयाच्या प्रत्येक फोटोत कुणीतरी दात घासत असतं.

रेल्वेतून स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झाल्यापासून काका दर संक्रांतीला पासावर विशाखापट्टणमला जातात, समुद्रातून वर येणारा सूर्य टिपतात आणि फोटो पुण्याच्या बहिणीला पाठवतात. बहीण कळवते, 'सूर्यास्त छान आलाय.' तिने समुद्र पाहिलाय तो कोकणातला. तिथे सूर्य पाण्यात फक्त बुडतो. काकांना हे झोंबतं. म्हणून पुराव्यासाठी ते नवे ब्रश घेऊन जातात आणि दिसेल त्या कोळ्याला, हनिमूनच्या जोडप्याला "बाबू, ब्रश चेयंडि", म्हणजे दात घासा, असं तेलुगूत म्हणत सूर्यासमोर उभं करतात. गेल्या वर्षी बहिणीने कळवलं, 'रात्री दात घासायची सवय चांगली.'

"बसा. अमेरिका लावू?" मी विचारलं. त्यांचा मुलगा गिरीश कॅलिफोर्नियात कॉम्प्युटरच्या नोकरीवर आहे.

"नक्को, ताई. मी इथेच आहे हे त्याला कळेल."

"कळू द्या की. मोडका पाय घेऊन समुद्रावर जाणार होतात?"

काका कुबडी काचेला टेकवून बसले. मग म्हणाले, "आपल्याकडे उगवतो, तेव्हा त्याच्याकडे मावळतो. संक्रांतीला तो तिकडच्या किनाऱ्यावर उभा राहतो, मी इकडच्या. तो सोडतो, मी घेतो. गाडी सुटली आणि पुढच्या स्टेशनात घ्यायला मास्तरच नाही, असं चालतं का?"

"म्हणून बहिणीशी भांडता?"

"हौ. दोन्हीकडे अस्तच झाला, तर घेतला कुणी?"

गिरीश खरंच उभा राहतो का, हे मी विचारलं नाही. संक्रांतीची सुट्टी तिकडे कोण देतं?

दुसऱ्या दिवशी पहाटे मी वॉचमनला आणि दूधवाल्याला पकडलं आणि काकांना खुर्चीसकट गच्चीवर चढवलं. काका कुरकुरत होते, इथे समुद्र कुठाय. आमच्या तारनाका भागातल्या पाण्याच्या टाक्या आणि अँटेना यांच्या मागे आभाळ तांबडं झालं. काकांनी घड्याळ पाहिलं.

"विशाखापट्टणमपेक्षा लेट आहे," ते म्हणाले.

"येतोय ना? घ्या मग," मी म्हटलं, आणि बूथ उघडायला खाली उतरले.