गुलबर्शिनच्या नावावर

मोल्दिरने वडिलांचे क्रेडिट कार्ड मासे साफ करायच्या कात्रीने कापले, तेव्हा तुर्लिबेक तिच्याकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत उभा होता. बाहेर बघण्यासारखे काही नव्हते. कझाकस्तानातल्या सेमेई शहराच्या हिवाळ्यात असते तेवढेच होते: बर्फ, समोरची पाच मजली इमारत आणि तिच्या कठड्यावर बसलेले कावळे.

"मसाज करणारी खुर्ची. गालिचे धुणारं यंत्र. सात सुऱ्यांचा संच. बाबा, तुम्ही एकटे राहता. सात सुऱ्या कशाला?"

"ती एकेक सुटी द्यायला तयार नव्हती."

"ती कोण?"

"फोनवरची मुलगी. फार गोड बोलायची गं. गुडघ्यांची चौकशी करायची."

गोम नेमकी इथेच होती. तुर्लिबेकने सिमेंटच्या कारखान्यात उभा जन्म क्रेन चालवण्यात काढला होता. दिवसभर वर त्या काचेच्या खोक्यात एकटा. पण त्याचे काही वाटायचे नाही, कारण घरी आले की बायको बोलायची. रैखान दोघांच्या वाटणीचे बोलायची. ती गेली आणि घरात आवाज करणारा फ्रिज तेवढा उरला. अशा घरात कुणी फोन करून, वडीलधाऱ्याला म्हणतात तसे, "आगा, गुडघे काय म्हणतायत?" असे विचारले, तर माणूस खुर्ची घेतो. हप्त्यावर घेतो. आणि हप्ता चुकला की तीच मुलगी पुन्हा फोन करते, याचेही त्याला फारसे वाईट वाटले नव्हते.

मोल्दिरने अस्तानाहून येऊन सगळे निस्तरले. खुर्ची परत गेली, सुऱ्या परत गेल्या, बँकेचे उरलेले देणे तिने स्वतः भरले. जाताना तिने बापाच्या हातात एक निळे कार्ड ठेवले.

"हे प्रीपेड आहे. तुमच्याच पेन्शनमधले पैसे मी दर सोमवारी यात भरणार. आत आहेत तेवढेच खर्च होतील, एक तेंगेसुद्धा जास्त नाही. उधारी बंद, हप्ते बंद. आणि कुठे खर्च केलात ते लगेच माझ्या मोबाइलवर कळेल."

"लहानपणी मी तुला असेच खाऊला पैसे द्यायचो."

"मी त्यात खुर्ची नाही घेतली, बाबा."

कार्डाने उधारी खरोखरच बंद केली. गोड बोलणाऱ्या मुलीचा एकदा फोन आला. या माणसाला आता काही विकता येत नाही हे तिला कळले आणि तिच्या लेखी तुर्लिबेकचे गुडघे बरे झाले. राहिला मोल्दिरचा रविवारचा फोन. "जेवलात? गोळी घेतली? हीटर गरम आहे ना?" तीन वेळा 'हो' म्हटले की रविवार संपायचा.

मग एके दिवशी शेजारचा गृहस्थ इर्तिश नदीवर, गोठलेल्या बर्फात भोक पाडून मासे धरायला निघाला आणि पैसे घरी विसरला. तुर्लिबेक बरोबर होता. गळाला लावायच्या अळ्यांचे पैसे त्याने निळ्या कार्डाने दिले. दुकानाच्या पायऱ्या उतरतो न उतरतो तोच फोन वाजला.

"बाबा, मासेमारीच्या दुकानात काय करताय?"

"अळ्या घेतल्या."

"अळ्या?"

"लाल आहेत. जिवंत."

मोल्दिर खळखळून हसली. लहानपणी तिनेच एकदा डबीतल्या अळ्यांची दया येऊन त्या नदीकाठी सोडून दिल्या होत्या, त्याची आठवण निघाली. त्यावरून रैखानची निघाली. थंडीने फोन धरलेला हात बधिर झाला तरी तुर्लिबेकने तो कानापासून हलवला नाही.

कुठली कळ ओढली की काय हलते, हे क्रेनवाल्याला वेगळे शिकवावे लागत नाही. पुढच्या आठवड्यात तो पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेला आणि तिथली सगळ्यात स्वस्त वस्तू, मांजराच्या गळ्यातली घंटी, घेऊन बाहेर आला. फोन आला. "मांजर पाळलंत?" "अजून नाही." त्यानंतर लहान मुलांच्या दुकानात जाऊन एक फुगा घेतला. फोन आला. मग लग्नाच्या पोशाखांच्या दुकानात, पांढऱ्या झग्यांच्या गर्दीत टोपी हातात धरून उभे राहून, त्याने एक टाचणी मागितली. विकणाऱ्या बाईने दोनदा विचारले, "फक्त टाचणी?" त्या दिवशीही फोन आला, पण मोल्दिरचा आवाज जरा सावध होता. "सहज गेलो होतो," तो म्हणाला. "सहज?" तिने विचारले.

सोनाराकडे त्याने मनगटी घड्याळाचा सेल बदलून घेतला, तेव्हा मात्र फोन आलाच नाही. तो दुकानाबाहेर बर्फात बराच वेळ उभा राहिला. कामात असेल, असे त्याने मनाला समजावले. रविवारी फोन आला, पण ती नुसती हं-हं करत राहिली.

मग त्याने तो नाद सोडला. संध्याकाळी घरात बसवेना, म्हणून तो बसथांब्याजवळच्या तंदूरवाल्याकडे जाऊ लागला. तिथे ऊब असायची. तंदूरवाला मिशाळ, आडदांड माणूस. गिऱ्हाइकाशी बोलायचा नाही, भिंतीवरच्या टीव्हीतल्या फुटबॉलपटूंना शिव्या घालायचा. तुर्लिबेक तंदुरात भाजलेले, समोशासारखे मटणाचे दोन साम्से आणि दुधाचा चहा घेऊन खिडकीपाशी बसायचा. दुसऱ्याला पडणाऱ्या शिव्याही कानाला बऱ्या वाटायच्या.

आणि एके सकाळी काही न कळवता त्याची थोरली बहीण कान्शायिम दारात उभी राहिली. आयागोझहून आली होती. काखेत काझी, म्हणजे घोड्याच्या मांसाचे सॉसेज, कागदात गुंडाळून. तिने बूट काढले, भावाची पापी घेतली आणि थेट कपाट उघडले. मग उशीचा वास घेतला. मग न्हाणीघरात डोकावली.

"एकच ब्रश?"

"आपा, दात तरी किती राहिलेत?"

"विषय बदलू नकोस. मोल्दिरनं मला सगळं सांगितलंय. पोर काळजीनं अर्धी झालीय. लग्नाच्या कपड्यांचं दुकान काय, सोनार काय, लहान मुलांचं दुकान काय! अरे, लाज आहे का नाही?"

"तिथे मी फुगा घेतला."

"या वयात फुगा! आणि आता रोज संध्याकाळी गुलबर्शिन."

"कोण गुलबर्शिन?"

कान्शायिमने दोन्ही हात कमरेवर ठेवले. "मोल्दिरच्या मोबाइलवर रोज नाव येतं बाईचं. रोज संध्याकाळी तू तिला पैसे देतोस, आणि वर मलाच विचारतोस कोण म्हणून! परवा रविवारी तर दोनदा गेलास!"

तुर्लिबेकने डोके खाजवले. गुलबर्शिन नावाची एकच बाई त्याच्या ओळखीची होती, कारखान्याच्या भांडारात, आणि तिला जाऊनही बरीच वर्षे झाली होती. बाकीच्या दुकानांचा खुलासा करता आला असता. पण पोरीचा फोन यावा म्हणून मी टाचणी घेतली, हे थोरल्या बहिणीला सांगण्यापेक्षा मी लग्न करतोय असा तिचा समज झालेला परवडला. म्हणून त्याने मान खाली घातली. कान्शायिमला ते लाजणे वाटले आणि तिने लगेच भाचीला फोन लावला.

"आहे," ती म्हणाली. "कुणीतरी आहे. कान लाल झालेत त्याचे."

शनिवारी मोल्दिर आली. डोळे सुजलेले, हातात मखमलीची छोटी डबी. डबीत चांदीची कर्णफुले होती.

"बाबा, मी आधी खूप रडले," ती कोट न काढताच म्हणाली. "मग विचार केला, आई गेल्यापासून तुम्ही एकटे आहात. कुणाची सोबत होत असेल तर मी कोण अडवणार? मागणी घालायच्या रीतीप्रमाणे ही कर्णफुलं आपण तिच्या कानात घालू. फक्त मला एकदा तिला बघू द्या."

तुर्लिबेकने तोंड उघडले. पण ओट्यापाशी बहीण कणीक तिंबत होती, टेबलाशी मुलगी बसली होती, खिडक्यांवर वाफ धरली होती आणि दोघी एकाच वेळी बोलत होत्या. त्याने तोंड मिटले. कुणी गुलबर्शिन असती तर बरे झाले असते, असे क्षणभर त्यालाही वाटून गेले.

संदेशात पत्ता होता. मोल्दिर मोबाइल समोर धरून चालली, मागे कान्शायिम, आणि तिने बाहीला धरून ओढलेला तुर्लिबेक. बसथांब्याशी आल्यावर मोल्दिर थांबली.

"इथेच दाखवतंय."

"अगं, इथे तर मी साम्सा खातो," तुर्लिबेक म्हणाला.

"म्हणजे ओळख इथलीच तर!" म्हणत कान्शायिम आत घुसलीसुद्धा. मिशाळ तंदूरवाल्यासमोर जाऊन तिने रुमाल नीट केला. "गुलबर्शिन आहे का रे बाळा?"

"कोण विचारतंय?"

"नवऱ्या मुलाकडची माणसं."

तंदूरवाल्याने हातातला लोखंडी चिमटा बाजूला ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने टीव्हीचा आवाज बंद केला असावा. "कुठल्या नवऱ्या मुलाकडची?"

"हा बघ." कान्शायिमने भावाला पुढे ढकलले. "वय जरा आहे, पण माणूस सोन्यासारखा. दारू नाही, पेन्शन वेळेवर येते, आणि उधारीसुद्धा आता पूर्ण बंद केलीय."

"गुलबर्शिन माझी बायको आहे," तंदूरवाला म्हणाला.

रांगेतली माणसे दोन पावले पुढे सरकली. साम्शांसाठी नव्हे.

"चार पोरं आहेत आम्हाला. ती घरी असते. दुकान नुसतं तिच्या नावावर आहे, कागदोपत्री. म्हणून पैसे दिले की तिचं नाव येतं." मग तो तुर्लिबेककडे वळला. त्याच्या आवाजात रागापेक्षा दुखावलेपणच जास्त होते. "आगा, तुम्ही इतके दिवस येताय. मला वाटलं, तुम्हाला माझा साम्सा आवडतो."

"साम्साच आवडतो," तुर्लिबेक कळवळून म्हणाला.

कान्शायिमने झाल्या प्रकाराबद्दल दहा साम्से विकत घेतले. परतताना ती पिशवी घेऊन तरातरा पुढे निघून गेली, आणि बापलेक मागे राहिले.

"मग लग्नाच्या दुकानात काय करत होतात?"

"टाचणी घेतली."

"कशाला?"

तुर्लिबेकने टोपी कानांवर ओढली. "तू फोन करायचीस," तो म्हणाला.

मोल्दिर जागच्या जागी उभी राहिली. "आणि ती घंटी? फुगा?"

"तेही."

"बाबा, माझा जीव टांगणीला लागायचा हो! मीटिंग सोडून उठायचे मी. वाटायचं, पुन्हा कुणी तरी फसवलं तुम्हाला. बोलायचं होतं तर सरळ फोन करायचात ना!"

"करून काय सांगणार? माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. अळ्या असल्या की असतं."

मोल्दिर पुन्हा चालू लागली. ती रागावली नाही, आणि तेच त्याला जड गेले. संध्याकाळच्याच गाडीने ती परत गेली. आता रोज फोन करेन म्हणाली. दोन दिवस केला. दोघांनाही काही सुचले नाही.

कान्शायिमही निघाली. बूट चढवता चढवता तिने विचारले, "तू तिला कधी काही विचारतोस का रे?"

"काय विचारायचं?"

"काहीही. ती तुझ्या गोळ्या विचारते, तुझा हीटर विचारते. तू काय विचारतोस? मी गेले होते तिच्याकडे. हे एवढं घर, सगळं चकचकीत. फ्रिज उघडला तर आत अर्धं लिंबू आणि नखं रंगवायची बाटली. सगळ्यांचं निस्तरते पोर. तिला विचारणारं कोण आहे?"

दार लागले. फ्रिज घुरघुरायला लागला. तुर्लिबेक उठला आणि आपला फ्रिज उघडून बघत उभा राहिला. त्यात काझी होती, लोणी होते, बटाटे होते, बहिणीने शिजवून ठेवलेले सूपही होते. इतके दिवस तो स्वतःला या जगातला सगळ्यात एकटा माणूस समजत होता, आणि त्याच्याकडे खायला निदान सूप होते.

दुसऱ्या दिवशी तो स्टेशनवर गेला आणि निळ्या कार्डाने अस्तानाचे तिकीट काढले. सवयीने फोन हातात धरला. वाजला नाही. गाडी हलली तरी वाजला नाही. या खेपेला त्याने फोन यावा म्हणून काही केले नव्हते, तरी हात फोनवरच राहिला.

मोल्दिरच्या इमारतीतल्या पहारेकरीण बाईने त्याला वर सोडले नाही. तो काझीचे पुडके मांडीवर घेऊन खालच्या बाकावर बसून राहिला. दिवे लागल्यावर मोल्दिर आली. खांद्याला ऑफिसची बॅग, हातात लहानशी कागदी पिशवी. आत शिरताना तिचा चेहरा कुणी बघत नसताना असतो तसा होता. तो चेहरा त्याने याआधी कधी पाहिला नव्हता.

"बाबा! अहो, कळवायचं तरी!"

"कळवलं होतं."

तिने मोबाइलकडे पाहिले आणि कपाळावर हात मारला. "रेल्वे! मला वाटलं, तुमचं पुन्हा टाचणीचं सुरू झालं. ठरवून नाही केला फोन."

"बरं केलंस." मग त्याने विचारले, "काय आणलंस जेवायला?"

मोल्दिर गोंधळली. हा प्रश्न नेहमी तिचा असायचा. "नूडल्स. एकाचेच आहेत."

"रोज हेच?"

तिने पिशवीची घडी घातली, पुन्हा उलगडली. "बहुतेक," ती म्हणाली.

"चल. दुकान कुठे आहे?"

दुकानात त्याने टोपली भरली. मोल्दिर मागून "बाबा, पुरे," म्हणत राहिली. गल्ल्यावर त्याने ऐटीत निळे कार्ड लावले. यंत्राने नकाराचा आवाज काढला. पुन्हा लावले, पुन्हा तोच आवाज. "शिल्लक नाही," गल्ल्यावरची बाई मोठ्याने म्हणाली. तिकिटात आठवड्याचे सगळे पैसे गेले होते, आणि हे कार्ड कुणाला एक तेंगेही उधार देत नव्हते.

मोल्दिरने आपले कार्ड काढले. तुर्लिबेकने तिचा हात धरला.

"मी देणार."

"बाबा, त्यात पैसेच नाहीत."

"मग भर. सोमवारचे आजच भर."

रांग खोळंबली. मोल्दिरने तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवरून त्याच्या कार्डात पैसे टाकले. तेवढा वेळ तुर्लिबेक छताकडे बघत राहिला. मग त्याने कार्ड लावले, यंत्राने मुकाट्याने पैसे घेतले, आणि मोल्दिरच्या हातातला मोबाइल टिंग करून वाजला.

तिने पडद्याकडे पाहिले. मग हातभर अंतरावर उभ्या असलेल्या बापाकडे पाहिले.

"बाबा," तिने विचारले, "काय घेतलंत?"

तुर्लिबेकने पिशवी खाली ठेवली आणि मागे रांग असतानाही सावकाश, एकेक करून सांगायला सुरुवात केली.