सावंतभाऊंचा गटाराचा विमा

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि ऱ्हस्व-दीर्घ कळायच्या आत चौथीत शाळाच सुटली. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. पण सावंतभाऊंविषयी लिहून ठेवावंसं वाटतं.

आमचे शेजारी सावंतभाऊ रोज सकाळी पार्किंगमध्ये पालथे पडतात आणि पावसाळी गटाराच्या जाळीला कान लावतात. मी मुलाकडे परदेशात, हॅमिल्टनला आले, तेव्हा पहिल्याच सकाळी हे पाहून ओरडले, "महेश, अरे, कोणीतरी चक्कर येऊन पडलंय!"

महेश दात घासत बाहेर डोकावला. "पडले नाहीत गं. सावंतकाका आहेत. चेक करतायत."

भाऊ कणकवलीचे. इथे शिकायला आले आणि राहिले. ‘ते रापा’ नावाच्या भागात दुधाच्या कारखान्यात नोकरी. लग्न नाही. केस पिकलेत, तरी मला ताई म्हणतात. कोणी गाडी धुवायला बादली उचलली की हे मागे उभे. "धुवा, धुवा. पण हे पुढे जातं कुठे?" उत्तरही तेच देतात. गटारातून थेट मागच्या ओढ्यात, आणि ओढ्यात वामी आहेत, सापासारखे लांब मासे. कोकणातला माणूस वाम दिसली की मसाला वाटायला घेतो. हे तिला उकडलेलं अंडं कुस्करून घालतात.

इथे बारा घरांची मिळून सोसायटी आहे, तिला बॉडी कॉर्पोरेट म्हणतात. मीटिंग चेअरमन कॉलिनच्या गॅरेजमध्ये होते. मी महेशबरोबर जाते आणि कोपऱ्यात बसते. इंग्रजी थोडं कळतं, बोलायची लाज वाटते. प्रत्येक मीटिंगला भाऊ एकच विषय काढत. घरांचा विमा आगीला, भूकंपाला चालतो. पण आपल्या आवारातली घाण ओढ्यात गेली तर ती काढायचा खर्च आपल्या बोडक्यावर. त्याचा वेगळा विमा मिळतो, तो घ्या.

"ईल इन्शुरन्स, मेट?" कॉलिन हसायचा. ईल म्हणजे वाम.

"काका, वारस म्हणून वामीचं नाव टाकायचं का?" हा आमचा महेश.

शेवटी एकदाचे गप्प बसतील म्हणून सगळ्यांनी हात वर केले. विमा झाला. भाऊ काही गप्प बसले नाहीत.

पुढे कुंपणाला रंग द्यायचं काम काढलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी कोथिंबीर निवडत होते. रंगाऱ्याने गाडीच्या काठावर ठेवलेला मोठा डबा धाडकन खाली आला, आणि पांढरा रंग सरळ जाळीकडे धावला. भाऊ अनवाणी पळत आले. हातात गोधडी. ती जाळीत कोंबून वर स्वतः बसले. तरी निम्मा रंग गेलाच. ओढा ताकासारखा दिसायला लागला.

पाणी खेचणारा टँकर आला, पण त्याला पैसे आधी हवे होते. रंगाऱ्याकडे ना पैसे, ना विमा. कॉलिन म्हणाला, विमावाल्यांना सोमवारी विचारू, तोवर थांबा.

"आणि सोमवारपर्यंत हे पुढे जातं कुठे?" भाऊंनी आपलं कार्ड काढून दिलं.

ते पैसे गावी जायच्या तिकिटाचे होते, हे महेशने मला नंतर सांगितलं. भाऊंना आत्याने वाढवलं. ती आता नव्वदीला आली आहे. गोधडीही तिनेच आपल्या लुगड्यांची शिवलेली. मधली भिंत पातळ आहे. दर रविवारी फोनवर भाऊंचा मोठा आवाज यायचा, "रजा गावली नाय गे आत्ये!" तिला कमी ऐकू येतं. पैशांचं तिला काही सांगितलं नव्हतं.

विमा कंपनीचा माणूस आला. त्याचा प्रश्न एकच. डबा अचानक पडला, की रंग बरेच दिवस झिरपत होता? झिरपत असेल तर एक पैसा मिळणार नाही. रंगाऱ्याने फोन उचलणं बंद केलं होतं. पडताना पाहिलं होतं फक्त मी.

"आई, तू सांग. मी इंग्रजीत बोलतो," महेश म्हणाला.

परक्या माणसाशी मी आयुष्यात धड चार वाक्यं बोललेली नाही. भाऊ दाराशी उभे होते, माझ्याकडे बघतही नव्हते. मग मी उठले, ओट्यावरचा कणकेचा डबा काठाशी ठेवला आणि हाताने ढकलला. धाडकन आवाज झाला. साहेब खुर्चीतून उडाला. त्याच्या बुटांवर कणीक.

"असा पडला," मी म्हणाले.

महेशला काही सांगावंच लागलं नाही. साहेब बूट झटकत हसला. "स्वीट ॲज," म्हणाला, म्हणजे इथलं झकास, आणि लिहून घेतलं.

कंपनीने पैसे दिले, पण अशा विम्यात पहिला थोडा भाग सोसायटीने सोसायचा असतो. मीटिंगमध्ये तो विषय निघताच भाऊ म्हणाले, "राहू दे तेवढं." कॉलिन उठून उभा राहिला आणि त्याने सगळ्यांकडे पाहिलं. या वेळी विनोद केला नाही. तेवढे सोसायटीनेच द्यायचे म्हणून भाऊ सोडून अकराही हात वर गेले. माझा बारावा. मला मत नाही, हे नंतर कळलं.

आठवड्याने भाऊ दारात आले. काखेत गोधडी, मधोमध पुठ्ठ्यासारखा कडक पांढरा डाग. दुसऱ्या हातात अंड्यांचा खोका.

"ताई, वामीला रोज एक. उकडून."

"गोधडी ठेवून जा. मी ठिगळ लावते."

"नको. आत्याला दाखवायचीय. मारणार मला." हे सांगताना त्यांचं तोंड शाळा सुटलेल्या पोरासारखं झालं होतं. मग खोका माझ्या हातात देऊन म्हणाले, "आले हो पैसे. सगळे."